सर्वात मोठं विमान आणि पाड्यावरची छोटी शाळा



आजच्या लेखाचे दोन भाग आहेत. पहिला भाग विमानाचा आहे. तो वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवला तरी चालेल. दुसरा भाग आपल्या शाळांचा आहे आणि ते माझं वैयक्तिक मत आहे. न पटलं तर जरूर कळवा. दोन्ही भाग एकाच लेखात का घातले, ते शेवटपर्यंत वाचल्यावर लक्षात येईल.

आमची वांगणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातली. वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. ती वांगणी वेगळी. आमच्याकडे रेल्वे नाही. आभाळातून विमानं मात्र रोज जातात. परिपाठ चालू असताना एखादं विमान गेलं की प्रार्थनेतल्या निम्म्या माना वर होतात. मी पूर्वी रागवायचो. आता रागवत नाही, कारण एकदा तिसरीतल्या एका मुलाने विचारलं, "गुरुजी, यातला सगळ्यात मोठा इमान कोणता? आन् त्यात किती माणसं बसतात?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो." शिक्षकाने "उद्या सांगतो" म्हटलं की रात्री अभ्यास करावाच लागतो. तोच अभ्यास इथे मांडतो आहे.

भाग पहिला : एअरबस ए-३८०

चला, माप घेऊया

आजवर प्रवाशांची नियमित ने-आण केलेलं जगातलं सर्वात मोठं विमान म्हणजे एअरबस कंपनीचं ए-३८०. युक्रेनमधलं 'म्रिया' नावाचं विमान याहूनही मोठं होतं, पण ते मालवाहू होतं, एकच होतं आणि २०२२ च्या युद्धात ते नष्ट झालं. प्रवासी विमानांत पहिला नंबर ए-३८० चाच.

लांबी सुमारे ७२.७ मीटर. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ७९.८ मीटर. उंची २४.१ मीटर, म्हणजे साधारण सात-आठ मजली इमारत. हे आकडे फळ्यावर लिहिले तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून आम्ही दोर घेतला आणि भात कापून झालेल्या खाचरांकडे गेलो. एका मुलाला नाक केलं, एकाला शेपूट, दोघांना पंखांची टोकं. पंखाचं एक टोक पहिल्या खाचरात, तर दुसरं तीन बांध ओलांडून पलीकडे! टोकावरच्या मुलाला हाक मारली तर त्याला नीट ऐकूही येईना. त्या दिवशी ८० मीटर म्हणजे किती, हे मुलांना कळलं. पुन्हा शिकवावं लागलं नाही.

आता वजन. पूर्ण भरलेलं ए-३८० उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त सुमारे ५७५ टन असू शकतं. माणसांनी आणि सामानाने भरलेली आपली एस.टी. साधारण १६ टनांची धरा. म्हणजे जवळजवळ ३६ भरलेल्या एस.टी. गाड्या एकाच वेळी आभाळात!

माणसं किती? खालचा आणि वरचा असे पूर्ण लांबीचे दोन मजले आहेत. नेहमीच्या मांडणीत पाचशेच्या आसपास प्रवासी बसतात आणि जास्तीत जास्त ८५३ प्रवाशांपर्यंत परवानगी आहे. एस.टी.त ४४ माणसं बसतात असं धरून भागाकार मुलांनीच केला : पाचशे प्रवासी म्हणजे ११-१२ गाड्या, ८५३ म्हणजे १९ गाड्या भरून वर १७ जण उभे. (उभे राहणाऱ्यांचा हिशेब आमच्या मुलांना बरोबर समजतो.)

इंधन सुमारे ३ लाख २० हजार लिटर. इथे मी टँकरचं उदाहरण दिलं. मोखाड्याकडे उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात, ते मुलांनी पाहिलेले असतात. १० हजार लिटरचा एक टँकर धरला तर ३२ टँकर एकट्या या विमानाच्या टाक्यांत बसतात, आणि त्यांतलं बहुतेक इंधन पंखांच्या आत असतं. एमिरेट्स कंपनीच्या ए-३८० मध्ये सर्वात महागड्या वर्गातल्या प्रवाशांना उडत्या विमानात शॉवरखाली अंघोळही करता येते, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग वरती टँकर कोण नेतो?" सगळा वर्ग हसला. प्रश्न मात्र बरोबर होता. ते पाणी जमिनीवरूनच भरून न्यावं लागतं आणि त्याचंही वजन इंधन जाळूनच उचलावं लागतं.

एवढं जड उडतं कसं?

बऱ्याच पुस्तकांत एक स्पष्टीकरण असतं : पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागे पोहोचायचं म्हणून ती पळत जाते. मित्रांनो, मीही काही वर्षं हेच शिकवलं. पण ते चूक आहे. वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचलं पाहिजे, असा निसर्गाचा कुठलाच नियम नाही.

सोपं आणि बरोबर असं सांगता येतं : किंचित तिरका आणि वाकदार पंख पुढे सरकताना हवेला खाली वळवतो. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. त्याच वेळी पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी आणि खालच्या बाजूला जास्त असतो. वादळात घराचा पत्रा उडतो, ते आपल्या सगळ्या मुलांनी पाहिलेलं आहे. पत्र्याला कुणी खालून दोरीने ओढत नाही, इंजिनही नसतं. जोराची हवा आणि पत्र्याचा कल, एवढ्यावर तो उचलला जातो. पत्र्याच्या बाबतीत हवा धावते, विमानाच्या बाबतीत पंख धावतो. फरक तेवढाच.

ए-३८० च्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस मीटर आहे. ५७५ टन भागिले ८४५ केलं तर पंखाच्या दर चौरस मीटरला सुमारे ६८० किलो वजन पेलायचं असतं.

आता गंमत बघा. या विमानाला चार इंजिनं. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी सुमारे तीन मीटर व्यासाचा पंखा, म्हणजे आपल्या वर्गाच्या दारापेक्षा उंच. चारही इंजिनांचा पुढे ढकलण्याचा जोर एकत्र केला तरी तो सव्वाशे टनांच्या आसपास भरतो, म्हणजे विमानाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी! मग ५७५ टन उचलतं कोण? पंख. इंजिनाचं काम फक्त पुढे ढकलण्याचं. धावपट्टीवर ताशी अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त वेग आला की बाकीचं काम पंख करतात. "इंजिन विमानाला वर उचलतं" असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते काढण्यासाठी हा एक भागाकार पुरतो.

चाकं २२. इतकी कशाला? वजन पसरवायला. चिखलणीच्या वेळी पाय रुततो, पण फळीवर उभं राहिलं तर रुतत नाही, तेच तत्त्व. चाकं कमी ठेवली असती तर धावपट्टी खचली असती.

आणि पंख ८० मीटरच्या आतच का? विमान कंपनीला आणखी लांब पंख आवडले असते, कारण लांब आणि अरुंद पंख असले तर इंधन कमी जळतं. पण जगातल्या मोठ्या विमानतळांवर विमान उभं करायला ८० मीटरचाच चौकोन धरलेला आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या विमानालाही जागा पाहून अंग चोरावं लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, दुसऱ्या भागात लागेल.

चाचणी म्हणजे काय, हे यांच्याकडून शिकावं

२७ एप्रिल २००५ रोजी फ्रान्समधल्या तुलूझ इथे ए-३८० पहिल्यांदा उडालं. पण उडालं म्हणजे पास झालं, असं नसतं.

२००६ च्या फेब्रुवारीत एका विमानाचे पंख जमिनीवरच यंत्रांनी वर वाकवत नेले, मोडेपर्यंत. उड्डाणात कधी काळी येऊ शकेल अशा सर्वाधिक भाराच्या दीडपट भार सोसला पाहिजे, असा नियम. पंख दीडपटीच्या अगदी जवळ, सुमारे १.४५ पटीवर मोडला. कंपनीने "जवळजवळ पास" म्हणून सोडून दिलं नाही. पंख आणखी मजबूत केला, मगच मान्यता मिळाली.

पुढच्याच महिन्यात, २६ मार्च २००६ ला, जर्मनीतल्या हॅम्बुर्गला दुसरी चाचणी झाली. विमानात ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी बसवले. नियम असा की ९० सेकंदांत सगळे बाहेर आले पाहिजेत. आणि कसे? अंधारात. १६ दारांपैकी ८ दारं बंद ठेवून. कोणती बंद असणार, हे बसलेल्यांना आधी सांगायचं नाही. सगळे ८७३ जण ७८ सेकंदांत बाहेर पडले.

मला या संपूर्ण विमानात सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच. विमान किती मोठं, यापेक्षा वाईटात वाईट वेळी त्यातला शेवटचा माणूस बाहेर पडतो का, हे आधी तपासलं गेलं.

त्याचा उपयोग झाला का? ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० चं एक इंजिन आभाळातच फुटलं. तुकड्यांनी पंख फाडला, तारा तुटल्या, इंधन गळू लागलं. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास दोन तास डोकं शांत ठेवून विमान परत सिंगापूरला उतरवलं. आतले ४६९ च्या ४६९ जण सुखरूप.

मुंबई आणि मोठी विमानं

आपल्या महाराष्ट्राचा मोठ्या विमानांशी जुना संबंध आहे. १८ एप्रिल १९७१ ला एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट, बोईंग ७४७ 'सम्राट अशोक', मुंबईला उतरलं. दुर्दैवाने १ जानेवारी १९७८ च्या रात्री तेच विमान मुंबईहून उडाल्यावर वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. तरी पुढे कित्येक वर्षं "जम्बो" म्हणजेच परदेश, असं समीकरण मराठी घरांत होतं. एअर इंडियाच्या शेवटच्या काही जम्बोंपैकी एक २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं निघालं, तेव्हा वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला.

ए-३८० ला भारतात परवानगी मिळाली २०१४ च्या जानेवारीत, तीही सुरुवातीला फक्त चार विमानतळांसाठी : दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि हैदराबाद. त्याच वर्षी मे महिन्यात सिंगापूर एअरलाइन्सचं आणि जुलैमध्ये एमिरेट्सचं ए-३८० मुंबईला येऊ लागलं. मुंबईला ते सोयीचंही होतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. उतरायला जागा कमी आणि माणसं जास्त असतील तर एका फेरीत जास्त माणसं नेणारं विमान बरं. पण एकाही भारतीय कंपनीने ए-३८० आपल्या ताफ्यात घेतलं नाही.

मग ते बनवणं बंद का झालं?

हा प्रश्न मुलांनीच विचारला. "एवढा भारी इमान, मग बंद का केला?"

१४ फेब्रुवारी २०१९ ला कंपनीने जाहीर केलं की यापुढे ए-३८० बनणार नाही. शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला दिलं गेलं. एकूण २५१ विमानं, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सकडे.

विमान वाईट होतं का? मुळीच नाही. आत आवाज कमी, जागा ऐसपैस, प्रवाशांना आवडायचं. चुकला तो अंदाज. कंपनीचा हिशेब असा होता : लहान शहरांतल्या माणसांना छोट्या विमानांनी एका मोठ्या विमानतळावर गोळा करायचं, तिथून मोठ्या विमानाने दुसऱ्या मोठ्या विमानतळावर न्यायचं, आणि तिथून पुन्हा छोट्या विमानांनी वाटायचं. एका खेपेत पाचशे माणसं नेली की माणशी खर्च कमी.

कागदावर बरोबर. पण माणसांना मध्ये उतरायचं नव्हतं. त्यांना आपल्या गावाजवळून निघून थेट मुक्कामाला पोहोचायचं होतं. ज्या २००७ साली ए-३८० प्रवासी घेऊन उडू लागलं, त्याच साली एअर इंडियाने बोईंग ७७७ ने मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजीला विचारा, तिला दोन मजली विमान हवं की मध्ये कुठेही न बदलावं लागणारं? पुढे दोन इंजिनांची, अडीचशे-तीनशे प्रवाशांची, कमी इंधनात लांब जाणारी विमानं आली आणि चार इंजिनांच्या विमानाचा हिशेब बिघडला.

आणि सर्वात महत्त्वाचं : मोठ्या विमानाचा माणशी खर्च कमी पडतो तो फक्त सगळ्या खुर्च्या भरल्या तर. निम्म्या रिकाम्या राहिल्या तरी चार इंजिनं जवळजवळ तेवढंच इंधन मागतात.

जिथे गर्दी खरोखरच एका जागी जमते, तिथे ए-३८० आजही चालतं. दुबईहून चालतं, मुंबईलाही येतं. कोरोनानंतर काही कंपन्यांनी उभी करून ठेवलेली ए-३८० पुन्हा बाहेर काढली. म्हणजे मोठं ते वाईट असं नाही. मोठं कुठे लागतं आणि कुठे नाही, हे ठरवायला हवं.

भाग दुसरा : आता माझं मत

तुम्ही ओळखलं असेलच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुण्यातल्या पानशेतचं उदाहरण पुढे ठेवलं गेलं. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त आहेत, असं तेव्हा समोर आलं. त्याआधी २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांचा प्रश्न गाजला होता. विरोध झाला की विषय थोडा मागे पडतो, मग पुन्हा येतो. आमच्या जव्हार-मोखाड्यासारख्या भागात हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो, कारण इथे गाव म्हणजे एकमेकांपासून लांब पसरलेले पाडे.

समूह शाळेची कल्पना म्हणजे ए-३८० ची कल्पना. छोट्या गाड्यांनी मुलं गोळा करायची, एका मोठ्या जागी आणायची, माणशी खर्च कमी करायचा.

मी समूह शाळेच्या बाजूचे मुद्दे टाळणार नाही, कारण ते खरे आहेत. एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पहिलीला अक्षर गिरवायला दिलं की तिसरीचा भागाकार, तोवर चौथीतला एखादा शाळेबाहेर. त्यात माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद ठेवायची. सहा मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय म्हणजे एक पेटी. मुलांना बरोबरीची मुलं लागतात, भांडायलाही लागतात. मोठ्या शाळेत हे सगळं मिळतं. हे मी मान्य करतो.

तरीही पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मला हा मार्ग मान्य नाही. माझी कारणं तीन.

पहिलं कारण : मोठ्या शाळेचा माणशी खर्च कमी पडतो तो सगळी मुलं रोज पोहोचली तर. जे मूल पोहोचलं नाही, ते हिशेबातूनच गळतं. विमानात रिकामी खुर्ची निदान दिसते आणि कंपनीचं नुकसान होतं, म्हणून कंपनी लगेच जागी होते. इथे नुकसान मुलाचं होतं आणि कागदावर खर्च वाचलेला दिसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं धरलंय ते उगाच नाही. सहा वर्षांचं मूल चालत किती जाईल, हे पाहून ते अंतर ठरलंय.

दुसरं कारण : आमचा पाऊस आणि आमचं स्थलांतर. जुलै महिन्यात ओहोळ भरला की अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि इतर कामांना भिवंडी, वसईकडे जातात. पाड्यावरच्या शिक्षकाला आदल्या रात्रीच कळतं की उद्या कोण निघतंय. तो संध्याकाळी घरी जातो, म्हणतो, "काकी, पोराला आजीकडे राहू द्या, मी बघतो त्याचं." प्रत्येक वेळी ऐकतातच असं नाही. पण दहातली तीन मुलं जरी राहिली तरी ती तीन आयुष्यं आहेत. बारा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेतल्या शिक्षकाला ते मूल गैरहजर आहे, एवढंच कळेल. तेही आठवड्याने.

तिसरं कारण : विमानाच्या प्रवाशाला निवड होती. त्याला मध्ये उतरायचं नव्हतं, त्याने दुसरं तिकीट काढलं. लाखो लोकांनी तसं केलं म्हणून कंपनीला आपला अंदाज चुकल्याचं कळलं. सहा वर्षांच्या मुलीला कसली निवड? गाडी लांब पडली तर ती तक्रार करत नाही. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी राहते.

मग करायचं काय?

नुसता विरोध करून छोट्या शाळांतली मुलं शिकणार नाहीत. म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

एक : जिथे समूह शाळा करायचीच असेल, तिथे आधी हॅम्बुर्गसारखी चाचणी घ्या. सोळापैकी आठ दारं बंद ठेवून. म्हणजे कशी? जानेवारीत, कोरड्या रस्त्यावर, अधिकारी आलेले असताना गाडी वेळेवर आली, ही चाचणी नव्हे. चाचणी घ्यायची जुलैमध्ये. एक गाडी बंद पडली आहे, चालक आजारी आहे, ओहोळाला पाणी आहे, असं धरून. आणि मोजायचं काय? सर्वात लांबच्या पाड्यावरचं पहिलीतलं सर्वात लहान मूल शाळेत पोहोचलं का आणि अंधार पडायच्या आत घरी आलं का. वर्षभर हे जमलं, तर शाळा एकत्र करायला माझा विरोध नाही. पंख १.४५ पटीवर मोडला तर दुरुस्त केला, "जवळजवळ पास" म्हटलं नाही, तसंच इथेही करावं. आणि तोपर्यंत जुन्या शाळेला कुलूप लावू नये. एकदा पट दुसरीकडे गेला की संचमान्यतेत पद जातं, पद गेलं की शाळा परत उघडत नाही.

दोन : मुलांना फिरवण्याऐवजी साधनं आणि माणसं फिरवा. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदा होतात. म्हणजे सांगाडा तयार आहे. दहा पाड्यांसाठी एक विज्ञान पेटी, एक फिरतं ग्रंथालय, एक खेळ आणि कलेचा शिक्षक ठेवता येईल. महिन्यातून दोन दिवस सगळ्या छोट्या शाळांची मुलं एका मैदानावर आली तर कबड्डीचे दोन नाही, दहा संघ होतील. पाचवीनंतर मूल मोठं झालं की मोठ्या शाळेत, वसतिगृहात जाऊ दे. तिथे प्रयोगशाळा हवी, स्पर्धा हवी. लांबच्या प्रवासाला मोठं विमान ठीक. पाड्यावरून पहिल्यांदा उडायला छोटीच धावपट्टी लागते.

ए-३८० च्या बांधणीत आणखी एक गोष्ट घडली होती. विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. जर्मनीतले आणि फ्रान्समधले अभियंते एकाच संगणक प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते. प्रत्यक्ष जोडायला घेतल्यावर तारा आखूड पडल्या आणि काम दोन वर्षं रखडलं. जगातले हुशार अभियंते, पण नकाशे जुळले नाहीत. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयातला नकाशा आणि आमच्या पाड्यांचा नकाशा यांतही असंच होऊ शकतं. नकाशावर दोन पाड्यांत दोन किलोमीटर दिसतात. मध्ये दरी आहे, हे तिथे चालत गेल्याशिवाय कळत नाही.

वर्गात करून पाहा

१. आपल्या मैदानावर किंवा शेतात दोराने ८० मीटर मोजा. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजा.

२. पुठ्ठ्याचा तुकडा वाऱ्यात सपाट आणि नंतर किंचित तिरका धरा. हाताला काय जाणवतं, ते मुलांनी आपल्या शब्दांत लिहावं.

३. आभाळात खूप उंचावरून जाणाऱ्या विमानामागे पांढऱ्या रेघा दिसल्या तर निरखून मोजा. दोन इंजिनांच्या विमानामागे सुरुवातीला दोन रेघा दिसतात. चार दिसल्या तर वहीत तारीख लिहून ठेवा.

४. चौथीसाठी : आपल्या घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजा. आता शाळा बारा किलोमीटर लांब गेली तर किती पावलं होतील?

चौथा प्रश्न आमच्या वर्गात सोडवला तेव्हा उत्तर चोवीस हजारांच्या वर गेलं. ज्या मुलाने सुरुवातीला सर्वात मोठ्या विमानाबद्दल विचारलं होतं, तो बराच वेळ आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "गुरुजी, एवढं चालायचं असलं तर मी इमानच शोधीन."

मित्रांनो, तुमच्या तालुक्यात एकत्र केलेल्या शाळा असतील, तर तिथला अनुभव नक्की लिहून कळवा. चांगला असला तरी कळवा. मत बदलायला मी तयार आहे, पण ते जुलै महिन्यातल्या हजेरीपटावरून.